काटा हलला तर मशीन तुमचं

मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते असं कळलं की लोक लगेच विचारतात, आमच्या मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत? मला ठाऊक नसतं. माझ्या स्वतःच्या मोगऱ्यालाही धरत नाहीत. माझी सगळी नोकरी खामगावच्या एका कॉलेजात गेली आणि त्या नोकरीत माझा जीव ज्या गोष्टीत अडकला ती झाडाच्या पानात असते खरी, पण ती दिसत नाही, खुडता येत नाही आणि फोडणीलाही घालता येत नाही. तिचं नाव प्रोटॉन.

घाबरू नका, फार सोपं आहे. हायड्रोजनचा अणू म्हणजे एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, एवढाच दोघांचा संसार. त्यातला इलेक्ट्रॉन निघून गेला की मागे राहतो तो सुटा प्रोटॉन. असे सुटे प्रोटॉन पाण्यात जितके जास्त, तितकं ते पाणी आंबट. चिंचेचा कोळ, लिंबू, दोन दिवसांचं ताक, या सगळ्यांत जिभेला झोंबतो तो हाच. मी वर्गात सारखी आंबटपणाबद्दल बोलायची, म्हणून मुलांनी माझं नाव आंबटबाई ठेवलं होतं. मागच्या बाकावर हळू आवाजात बोललेलं फळ्यापाशी अगदी स्वच्छ ऐकू येतं, हे मुलांच्या कुठल्याच पिढीला कळलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी नागपूरहून एम.एस्सी. करून नुकतीच खामगावात रुजू झाले होते. त्या काळात शास्त्रज्ञांमध्ये एक मोठं भांडण चाललं होतं. आपल्या शरीरातली किंवा झाडातली कुठलीही पेशी घ्या, तिला काम करायला जी शक्ती लागते ती एटीपी नावाच्या रसायनात बांधून ठेवलेली असते. हे एटीपी तयार कसं होतं? मोठमोठे लोक म्हणत, मधे कुठलंतरी एक गुप्त रसायन असणार. ते वर्षानुवर्षं ते रसायन शोधत होते आणि ते सापडत नव्हतं. तेव्हा एका विलायती शास्त्रज्ञानं सांगितलं की असं रसायन नाहीच. पेशीच्या आत पातळ पडदे असतात. पेशी प्रोटॉन ओढून पडद्याच्या एका बाजूला कोंबते, तिथं गर्दी होते, आणि त्या गर्दीला परत यायला पडद्यात प्रथिनाचं एकच दार असतं. त्या दारातून प्रोटॉन घुसतात तेव्हा जो रेटा बसतो, त्या रेट्यावर एटीपी तयार होतं.

लोक त्याला हसले. नागपूरचे माझे सरही हसले. मला मात्र ते वाचल्या क्षणी पटलं, कारण मी रोहिणखेडची. मोताळ्याच्या शाळेत जायला रोज एसटी धरलेल्या मुलीला गर्दीच्या रेट्यात केवढी ताकद असते ते कोणी पुस्तकातून समजावून द्यावं लागत नाही. मी कित्येकदा स्वतःचे पाय न हलवता गाडीत चढलेली आहे.

प्रोटॉन प्रथिनातून जातो कसा, हेही मी मुलांना बाकावरच शिकवायची. चौघांच्या बाकावर चौघं बसलेले. भिंतीच्या बाजूनं पाचव्याला घुसवायचं. तो घुसला की सगळे जरा जरा सरकतात आणि पलीकडच्या टोकाचा चौथा खाली पडतो. घुसला एक, पडला दुसराच, पण बघणाऱ्याला वाटतं की एक पोरगं बाकातून आरपार गेलं. प्रथिनाच्या आत पाण्याच्या रेणूंची आणि प्रथिनाच्याच छोट्या छोट्या हातांची अशी एक रांग असते. एका टोकाला प्रोटॉन आला की प्रत्येक जण आपल्याजवळचा पुढच्याला देतो आणि मागचा घेतो. हे सगळं शास्त्रज्ञांना नीट उलगडायला पुढं बरीच वर्षं लागली, पण आमच्या वर्गातला चौथा मुलगा मात्र नेमानं पडत होता. एकदा प्राचार्य दारावरून जात असताना पडला, तेव्हा मला खुलासा करावा लागला.

पण हे सगळं तोंडी. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं, आणि त्यासाठी पीएच मीटर लागतो. पाण्यातला आंबटपणा मोजणारं ते यंत्र. काचेचा एक नाजूक फुगा पाण्यात बुडवायचा, आणि डबीसारख्या खोक्यावरचा काटा सांगतो किती प्रोटॉन आहेत ते. गंमत म्हणजे आकडा उलटा चालतो, आंबटपणा वाढला की काटा खाली आणि कमी झाला की वर. विज्ञान विभागाला अनुदान आलं तेव्हा बाकीच्यांनी कपाटं मागितली आणि मी हट्टानं पीएच मीटर मागितला. जिल्ह्यात दुसरा असला तर मला माहीत नाही.

ही बातमी गावात अशी पसरली की कॉलेजात आंबट मोजायचं मशीन आलंय. मग गिऱ्हाइकं सुरू झाली. बीबी गावचा एक शेतकरी विहिरीच्या पाण्याची कळशी घेऊन, दोन गाड्या बदलत आला. पाणी खारवट होतं, ते मी चाखूनही सांगू शकले असते, पण त्याला मशीनच्या तोंडून ऐकायचं होतं. एकदा एक गृहस्थ दह्याची दोन गाडगी घेऊन आले. घरात दोन सुना, दोघींची विरजणं वेगळी, आणि कोणाचं दही जास्त आंबट यावरून महिनाभर धुसफूस चाललेली. मी मोजलं आणि सांगितलं. त्या घरात पुढं दोन चुली झाल्या असं कानावर आलं. तेव्हापासून मी दही मोजणं बंद केलं.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष होते भाऊसाहेब. त्यांची तेलाची मिल कॉलेजच्या भिंतीला लागूनच होती आणि मिलच्या मागे साबणाचा छोटा कारखाना. डोक्यावर पांढरी टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा, आणि शिक्षण गावातल्या शाळेपुरतं. पण माणूस असा तल्लख की त्यांच्याशी बोलताना मला माझी पदवी जरा सैल व्हायला लागली आहे असं वाटायचं. एके दिवशी ते प्रयोगशाळेत आले, मीटरकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, हे मशीन खारंही मोजते काय?"

मी म्हटलं, "आंबटाच्या उलटं जे असतं तेही मोजतं."

"मंग हे मले साबणाले पाह्यजे. माझा साबणवाला सोडा जास्त झाला का कमी झाला ते जिभेनं चाखून पाह्यते. त्याची जीभ गेली कामातून. आता त्याले पुरणपोळी अन् भाकर एकच लागते."

हे ऐकून वाईट कोणालाही वाटलं असतं, मलाही वाटलं. पण मशीन माझं होतं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, यावर मुलांना प्रयोग दाखवायचे आहेत."

"दाखवले काय?"

नव्हते दाखवले. दही आणि विहिरीचं पाणी याखेरीज त्या काचेच्या फुग्यानं काहीच पाहिलेलं नव्हतं. भाऊसाहेबांनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं. "असं करू. दिवाळीच्या सुट्टीआधी संचालक मंडळाची बैठक आहे. त्या दिवशी आमच्या देखत तुमच्या त्या प्रोटानाचं काही करून दाखवा. काटा हलला तर मशीन तुमचं. नाई हलला तर सुट्टीत मी साबणाकडं घेऊन जातो."

त्यात अन्याय काहीच नव्हता, म्हणून मला जास्त राग आला. मशीन गेलं असतं तर माझ्याकडे खडू, फळा आणि बाकावरून पडणारा मुलगा एवढंच उरलं असतं. स्वतः कधी न पाहिलेली गोष्ट निवृत्त होईपर्यंत शपथेवर सांगत राहायची, हे मला मान्य नव्हतं.

मी ठरवलेला प्रयोग असा. हिरव्या पानात हरितकण असतात आणि त्यांच्या आत पातळ पडद्यांच्या चपट्या पिशव्या. उजेड पडला की या पिशव्या बाहेरच्या पाण्यातले प्रोटॉन आत ओढतात. बाहेरचं पाणी कमी आंबट होतं, म्हणजे मीटरचा काटा वर चढतो. उजेड बंद केला की प्रोटॉन परत बाहेर येतात आणि काटा खाली उतरतो. दिवा लावला, काटा वर. दिवा मालवला, काटा खाली. बास. परदेशात हे करून झालं होतं, पण त्यांच्याकडे थंड खोल्या होत्या आणि आमच्याकडे किसनभाऊ होते.

किसनभाऊ आमचे लॅब अटेंडंट. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, अंगानं आडवेतिडवे, तंबाखू सतत गालात. हातानं फिरवायचा एक सेंट्रिफ्यूज आमच्याकडे होता, म्हणजे नळ्या गरगर फिरवून गाळ तळाशी बसवायचं यंत्र. त्याचा दांडा एका लयीत किसनभाऊंसारखा दुसरा कोणी फिरवू शकत नसे. ते म्हणत, "बाई, एवढ्यात तं घट्ट्यावर पायलीभर ज्वारी दळून झाली असती." बर्फ ते गोळेवाल्याकडून भुशात गुंडाळून आणत. उजेडासाठी आम्ही स्लाइड दाखवायचा प्रोजेक्टर घेतला आणि त्याची ऊब पानाला लागू नये म्हणून मधे पाण्यानं भरलेला काचेचा गोल चंबू ठेवला.

पालक गावाबाहेरच्या मळ्यातल्या अनसूयाबाईंकडून यायचा. मी रोज पहाटेची कोवळी जुडी मागते म्हणून त्या खूश होत्या. आठवड्यानं त्यांनी विचारलंच, "बाई, भाजी कशी करता वं एवढी?"

"करत नाही. वाटते."

"मंग?"

"फडक्यातून गाळते, मग फिरवते."

"अन् मंग?"

"मग त्याच्यावर उजेड पाडते."

अनसूयाबाई जुडीवर मूठभर मेथी ठेवून म्हणाल्या, "हे घ्या. हिच्यावर उजेड नोका पाडू. हिच्यात मुंगाची दाळ घाला अन् खा."

तालमी चालू झाल्या. सुरुवातीला काहीच जमेना. एका दुपारी काटा एकदम टुणकन उडाला आणि मी टाळ्या वाजवल्या. किसनभाऊ खिडकीतून बघत म्हणाले, "भाऊसायबाची मिल सुरू झाली, बाई." मिलची मोठी मोटर सुरू झाली की आमच्या लाइनीतली वीज दचकायची आणि काटा उडायचा. मग आम्ही मिलची वेळ सांभाळून काम करायला लागलो. खल बर्फात गार करायचा, साखर-मिठाचं पाणी बर्फात गार करायचं, आणि त्यात नागपूरहून आणलेल्या एका रंगाचा थेंब टाकायचा, म्हणजे पिशव्यांचा पंप नेटानं चालतो. अखेर एका सकाळी प्रोजेक्टर लावला आणि काटा हळूहळू, अगदी लाजत, वर सरकला. दिवा मालवला, खाली आला. परत लावला, परत वर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किसनभाऊंनी काट्याला हात जोडले आणि मग विचारलं, "हे कायचं झालं?"

मी त्यांना सगळं समजावलं. प्रोटॉन, पडदा, आंबट. ते मान डोलावत होते. ते एवढं मन लावून ऐकत आहेत याचा मला आनंद झाला. पुढं त्याचा काय परिणाम होणार आहे ते तेव्हा कळलं असतं तर मी मधेच थांबले असते.

बैठकीचा दिवस उजाडला. संचालक मंडळ प्रयोगशाळेत बाकांवर बसलं, टोप्या, एक फेटा, एक वकिली काळा कोट. टेबलाकडे बघते तर आमचं नेहमीचं पोचे पडलेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, भगुनं गायब. त्याच्या जागी पितळेचं मोठं, गळ्याशी आवळलेलं भगुनं, आतून चांदीसारखं लखलखणारं. साखर-मिठाचं पाणी किसनभाऊंनी माझ्या प्रमाणानं, पण त्यात, करून बर्फात ठेवलेलं.

मी हळूच विचारलं, "हे कुठून आणलं?"

"घरचं हाये. मंडळाची मानसं येनार अन् आपुन जर्मनच्या भगुन्यात काढनार काय? कालच कल्हईवाला कडुनिंबाखाली बसला होता, पह्यलं हेच देल्लं." मग जरा अभिमानानं, "अन् पितळात आंबट ठिवलं तं कळकते, बाई. तुमी तं आंबटाचाच प्रयोग करून राह्यल्या. कल्हई नाई केली तं कसं होईन?"

मी म्हटलं, "वा, किसनभाऊ." मनापासून म्हटलं.

मी छोटंसं भाषण केलं. प्रोजेक्टर लावला. प्रकाशाचा झोत चंबूतून हिरव्या पाण्यावर पडला. सगळ्यांनी माना पुढं केल्या.

काटा जागचा हलला नाही.

मी दिवा मालवून परत लावला. काही नाही. काचेचा फुगा धुतला, परत बुडवला. काही नाही. काळा कोट म्हणाला, "सुरू झालं का?" फेटा म्हणाला, "थांबा हो, नवी नवरी आहे, लाजून राह्यली." मी घामानं चिंब झाले होते. आणि तेवढ्यात काटा टुणकन उडाला. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी "शाब्बास!" म्हणालं.

"थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "टाळ्या नका वाजवू. ते माझी मोटर आहे. मिलची जेवणाची सुट्टी संपली."

भाऊसाहेब उठले. ते हसले नाहीत, रागावले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. "होते असं, बाई. चहा घ्या आमच्यासंगं." मंडळ प्राचार्यांच्या खोलीकडे चहा-चिवड्याला गेलं. मी गेले नाही. मला रडू येत होतं आणि मला किसनभाऊंसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी राग काढायला उरलेल्या पालकाची जुडी उचलली आणि खलात वाटायला लागले. काचेच्या बाटलीत तालमीच्या वेळचं थोडं पाणी उरलं होतं, तेच वापरलं. किसनभाऊंनी न सांगता दांडा फिरवला. प्रोजेक्टर लावला, आणि काटा वर चढला.

तोच पालक, तोच दिवा, तेच मशीन. वेगळं होतं ते फक्त पाणी. म्हणजे दोष भगुन्यातल्या पाण्यात. मी भगुन्याच्या गळ्याच्या आतून बोट फिरवलं. बोटाला पांढरी, बारीक पूड लागली. जिभेला लावली तर खारट आणि एकदम गार.

आता घरोघर स्टीलची भांडी झाली, म्हणून सांगते. कल्हई करताना पितळेचं भांडं भट्टीवर लालसर तापवतात, त्यावर नवसागराची पूड टाकतात, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, आणि मग कथील लावून कापसानं सगळीकडे फिरवतात. नवसागरानं पितळ स्वच्छ होतं आणि कथील धरतं. नंतर भांडं घासून धुवायचं असतं. किसनभाऊंनी ते बाहेरून राखेनं घासून आरसा केला होता. आतून मात्र, नव्या कल्हईला ओरखडा नको म्हणून, नुसतं विसळलं होतं.

"किसनभाऊ, तुमची चुन्याची डबी द्या."

"तंबाखू खाता काय, बाई?" ते घाबरलेच.

मी ती पूड तळहातावर घेतली, डबीतला चुना तिच्यावर लावला आणि बोटानं रगडला. नाकात असा झणका गेला की डोळ्यांतून पाणी आलं. अमोनिया! नवसागरच. हसू का रडू ते मला कळेना. आता रडले तरी कोणी काही म्हणालं नसतं.

मी तशीच प्राचार्यांच्या खोलीत गेले. तोंडात चिवडा असलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "भाऊसाहेब, एकदा परत या." मंडळाला जलंबकडे जाणारी गाडी धरायची होती, ते निघून गेले. भाऊसाहेब मात्र हातातली बशी खाली ठेवून आले. दारातच त्यांनी शिपायाला हाक मारली, "मिलीत जा अन् मोटर बंद करायले सांग. मी म्हणतो तोपर्यंत सुरू करू नका." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हं, दाखवा आता. मोटरीचं नाव नाई पाह्यजे."

भिंतीपलीकडची घरघर थांबली. दिवसाउजेडी ती मिल अशी गप्प झालेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मी दिवा लावला. काटा वर चढला. मालवला, उतरला. भाऊसाहेबांनी स्वतः बटण दाबून तीन-चारदा पाहिलं. मग मी भगुन्याच्या गळ्यातून खरवडलेल्या त्या पांढऱ्या पुडीची चिमूट त्यांच्या हातात दिली आणि हिरव्या पाण्यात टाकायला सांगितली. त्यांनी टाकली. चढलेला काटा खाली आला आणि मग दिवा लावा नाहीतर मालवा, तो ढिम्म.

"काऊन?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना देवळाचं उदाहरण दिलं. समजा देवळाबाहेर चपला आहेत, आणि कोणीतरी त्या उचलून उचलून आत नेतोय. बाहेर मोजणारा म्हणेल, चपला कमी होऊन राहिल्या. चपला म्हणजे प्रोटॉन, आणि बाहेर मोजणारा हा काटा. नवसागरातला अमोनिया काय करतो? आपल्या पायातली चप्पल बाहेर सोडतो, अनवाणी आत शिरतो आणि आत जाऊन आतली चप्पल घालून बसतो. जितक्या चपला आत गेल्या तितक्या यानं बाहेर काढून ठेवल्या. बाहेरचा मोजणारा म्हणतो, काहीच कमी झालं नाही. आणि आत चपलांचा ढीग होतच नाही, म्हणून दारावर रेटाही येत नाही, आणि एटीपी बनत नाही. पंप बिचारा फुकट राबतो.

भाऊसाहेब टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, "असा एक दलाल आमच्या मार्केटात आहे. नाव घेत नाई." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बाई, आधी नाई हलला तेच बरं झालं. आधी हलला असता तर मी म्हटलं असतं, मोटरीनं हलला, नाई तर बाईनं टेबल हलवलं. आता मी माझ्या हातानं बंद पाडला. जे मले बंद पाडता येते ते खोटं नसते." दारात जाऊन ते थांबले. "मशीन तुमचं. किसनभाऊ, तुझ्या कल्हईनं वाचवलं रे मशीन!"

किसनभाऊ मान खाली घालून उभे होते. मी म्हटलं, "साबणाचं पाणी दर शनिवारी पाठवा भाऊसाहेब, मी मोजून देईन. साबणवाल्याला म्हणावं, जीभ आवर." पुढं कित्येक वर्षं शनिवारी त्या साबणाची बाटली येत राहिली. दिवाळीला साबणाच्या वड्याही येत. आम्ही इतकं मोजूनही त्या अंगाला झोंबायच्या त्या झोंबायच्याच.

त्या विलायती शास्त्रज्ञाला पुढं काही वर्षांनी जगातलं सगळ्यांत मोठं बक्षीस मिळालं. रेडिओवर ऐकलं आणि मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सगळ्यांना वाटलं माझी बदली झाली, आणि काहींनी मनापासून अभिनंदन केलं. मला एकच खंत आहे, आपल्या या खटाटोपावर चार ओळी लिहून कुठंतरी पाठवायला हव्या होत्या. रोजचे तास, पेपर, आणि पडणारा चौथा मुलगा, यांत ते राहून गेलं. किसनभाऊंनी पेढा खाऊन विचारलं, "त्याईच्या भगुन्याले कल्हई नसन केली, नाई?"

मी निवृत्त झाले तेव्हा किसनभाऊ कधीचेच घरी बसले होते. निरोपाच्या दिवशी ते काठी टेकत आले, काखेत एक गाठोडं. सोडलं तर तेच पितळेचं भगुनं, आतून काळंठिक्कर. मी म्हटलं, "अहो, हे असं कसं झालं?"

"त्या दिवसापासून याले कल्हई नाई केली, बाई. घरची म्हने करा, सनवार आला. म्या म्हनलं, नाई. बाईले परत प्रयोगाले लागलं तं? आमी समदे जर्मनमधेच जेवलो."

त्या दिवसानंतर प्रत्येक प्रयोग मी काचेच्या भांड्यातच केला होता. भगुन्याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता. मी म्हटलं, "किसनभाऊ, भाऊसाहेब तेव्हा खरंच बोलले होते. तुमच्या कल्हईनंच मशीन वाचलं."

"हाव? मले वाटलं, ते टिंगल करून राह्यले." ते भगुन्यावरून हात फिरवत राहिले. इतकी वर्षं हा माणूस एका भगुन्यापायी घरातली कुरबुर सोसत बसला होता, आणि मला पत्ता नव्हता. मला खूप रडू आलं आणि या वेळी मी त्यांच्यासमोर रडले.

भगुनं त्यांनी मला देऊन टाकलं. आता कल्हईवाला मिळतो कुठं? बाजाराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा सापडला, त्याच्याकडून करून घेतली, आणि भगुनं मी स्वतः आतून-बाहेरून, गळ्याच्या खाचेत बोट घालून, चारदा धुतलं. मग त्यात कढी केली आणि किसनभाऊंना जेवायला बोलावलं.

त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बाई, लई आंबट झाली."

"प्रोटॉन आहेत ते, किसनभाऊ."

"हाव," ते म्हणाले, आणि वाटी परत पुढं केली.